चौथं आवर्तन

व्हर्लीन टॅगार्ट आणि डॉ. व्हीलॉक एकमेकांना पाण्यात पाहत होते, आणि विद्यापीठाच्या संगीत विभागात हे झाडूवाल्यापासून डीनपर्यंत सगळ्यांना ठाऊक होतं. व्हीलॉक वाद्यवृंदाचे नवे संचालक. व्हर्लीन एकोणीस वर्षं गॉस्पेलची, म्हणजे चर्चमधल्या भक्तिगीतांची, गायकमंडळी चालवत आलेली. यंदाच्या हंगामात वाद्यवृंदाचे पाच कार्यक्रम, जाझचे तीन आणि गॉस्पेलचा एकही नाही. शेवटच्या मैफलीत वाद्यवृंदामागे उभं राहून एक गाणं म्हणायचं, बस. ते जमलं तर पुढेही असंच. नाही जमलं तर गॉस्पेलची स्वतंत्र तारीख परत, असं डीन हॉब्सन म्हणाले होते.

तालमीत व्हीलॉकनी विचारलं, "शेवटच्या ओळीची आवर्तनं किती?"

"लागतील तितकी."

"माझे साठ वादक कागद बघून वाजवतात. 'लागतील तितकी' असं कागदावर छापता येत नाही, बाई."

"गाणारी तापली की मी बोट वर करते, म्हणजे पुन्हा एकदा. मूठ मिटली की संपलं. आमच्या चर्चमधे लहान पोरांनाही कळतं हे."

"इथे चर्च नाहीये. मी चार लिहितो. आणि तुम्ही पहिल्या रांगेत बसा. मंचावर हातवारे करायला मी एकटा पुरेसा आहे."

एक व्हायोलिनवाला फिस्सकन हसला. व्हर्लीनच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण ती इतकंच म्हणाली, "चार म्हणजे चार."

मुख्य गायिका लाट्रिस दाराशी थांबली होती. पहिल्या दोन आवर्तनांत ही पोरगी चाचपडायची, तिसऱ्यात तिचा गळा सुटायचा आणि खरं गाणं पाचव्यापासून. तिची आई पहिल्यांदाच तिला ऐकायला आर्कान्सातून बसने येणार होती.

"मिस व्हर्लीन, खाली बसलात तरी बोट दाखवाल ना? त्याच्या त्या ताल द्यायच्या काडीकडे आमच्यातलं कोणी बघणार नाही."

"माझ्याकडेच बघा," व्हर्लीन म्हणाली.

रविवारी दुपारी सभागृह भरलं. गाणं शेवटच्या ओळीवर आलं. तिसऱ्या आवर्तनात लाट्रिसचा आवाज छताला लागला, तशा चर्चमधल्या बायका टाळ्यांचा ठेका धरत अर्ध्या उठल्या. चौथं संपत आलं. गायकांच्या तीस जोड्या डोळे पहिल्या रांगेकडे वळले. व्हर्लीनचं बोट आपोआप उचललं जाऊ लागलं, तेव्हा तिने ते दुसऱ्या हाताने मांडीवर दाबून धरलं.

व्हीलॉकनी काडी खाली आणली. साठ वाद्यं एकदम गप्प. लाट्रिस आ वासून तशीच उभी.

"एवढंच?" मागून एक म्हातारी मोठ्याने म्हणाली. "मी अजून कोटसुद्धा काढला नव्हता!"

लोक हसले. टाळ्या पडल्या त्या परक्याच्या घरी शिष्टाचार म्हणून वाजवतात तशा.

मंचामागे डीन म्हणाले, "व्हर्लीन, हे काही जमलं नाही. पुढच्या मार्चमधे तुमची तारीख तुम्ही घ्या."

व्हीलॉकचा चेहरा पांढरा पडला होता. "तुम्ही हे मुद्दाम केलंत."

"मी काय केलं? चार म्हणालात, चार झाली. तुमच्याच कागदावर आहे की. वाचा."

ते कागद आपटून निघून गेले. व्हर्लीनला कित्येक महिन्यांत एवढं बरं वाटलं नव्हतं. ती वळली तर समोर लाट्रिस.

"आई विचारतेय, माझा घसा बसला का म्हणून."

"अगं, आपली तारीख परत मिळाली!"

"तुमची मिळाली. मी बघत होते. तुम्ही बोट दाबून धरलं होतंत."

"सगळ्यांसाठीच केलं, पोरी."

"मला आधी सांगितलं असतंत, तर मी स्वतःहून थांबले असते. पण तुम्ही त्याच्यासारखंच मलाही अंधारात ठेवलंत." लाट्रिसने गायकमंडळीचा अंगरखा काढून खुर्चीवर टाकला. "मार्चसाठी दुसरी बघा."

ती आईचा हात धरून गेली. कार्यक्रमानंतर एकेक जण व्हर्लीनला मिठी मारून जायचा, ही एकोणीस वर्षांची रीत. आज सगळे तिला वळसा घालून निघून गेले. एकाने तर "एक्सक्यूज मी" म्हटलं.

डीन वही घेऊन परत आले. "पंधरा मार्च चालेल?"

"चालेल," ती म्हणाली. कोण गाणार, ते त्यांनी विचारलं नाही.