लांब कानांचं गिऱ्हाईक

आमच्या बाबांनी आयुष्यात माप घेतल्याशिवाय लाकडाला करवत लावलेली नाही. त्यामुळे ताईने फोनवर सांगितलं की ससा घेऊन येते, तेव्हा त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "लांबी किती?"

"कुणाची?"

"त्याची. बसल्यावरची आणि पसरल्यावरची, दोन्ही सांग. कान उभे असताना उंची किती, ते वेगळं."

"बाबा, तो ससा आहे. कपाट नाही."

"म्हणून तर विचारतोय. कपाट हलत नाही."

ताईची दुसऱ्या गावी बदली झाली होती आणि तिकडच्या घरमालकिणीला जनावर चालत नव्हतं. तशी तिला माणसंही फारशी चालत नव्हती, पण भाड्यापायी ती तेवढं सोसायची. ताईच्या ऑफिसातला एकजण ससा न्यायला तयार होता. त्याच्याकडे अंगण होतं, आणि एक ससा आधीपासून होता, म्हणजे अनुभवी माणूस. तरी बाबा म्हणाले, "आधी आठवडाभर इथे ठेव. नाहीच जमलं तर दे त्याला."

याच माणसाने जन्मभर दारात मांजर टिकू दिलं नव्हतं. आईने हातातलं भांडं खाली ठेवलं आणि फोन संपल्यावर मला बाजूला घेतलं.

"कळलं का काही? ससा इथे राहिला तर पोरगी दर शनिवारी येणार. अंगणवाल्याकडे गेला तर त्याच्या अंगणात जाणार. तुझे बाबा सशासाठी घर बांधत नाहीयेत. ताईसाठी सापळा लावतायत."

"मग सरळ 'येत जा' म्हणून सांगायचं ना तिला."

"मला मागणी घालायच्या आधी हे चार महिने आमच्याकडे दरवाजा दुरुस्त करायला येत होते," आई म्हणाली. "दरवाजा चांगला होता."

मी बाबांच्याच हाताखाली सुतारकाम करतो. खाली कारखाना, वर घर. सशाच्या घराचं काम सुरू झालं तेव्हा ससा हजर नव्हता, म्हणून त्याच्या जागी साखरेची पिशवी आली. तिला कानांसाठी दोन पट्ट्या बांधल्या. मी ती पिशवी दारातून आतबाहेर करायची आणि कान चौकटीला लागतात का ते बाबांनी वाकून बघायचं. एक बाई खुर्चीचा पाय घेऊन आल्या होत्या. त्या बराच वेळ उभ्या राहिल्या आणि काही न विचारता पाय घेऊन परत गेल्या.

घर झालं. दोन खोल्या, उतरतं छप्पर, गवत ठेवायला खण, पितळी बिजागऱ्या.

"दार त्याला उघडता येणार नाही," मी म्हणालो.

"तू कशाला आहेस?"

शेवटी आत अंथरायला भुसा हवा होता. कारखान्यात भुशाला काय तोटा, पण तो उरलासुरला, पाचसहा लाकडांचा मिसळलेला. बाबांनी देवदाराची एक अख्खी चांगली फळी काढली आणि रंधा मारत बसले. फळी संपेपर्यंत. रेशमासारख्या कुरळ्या ढलप्या निघाल्या आणि वासाने वरचं घरही भरून गेलं.

"माझ्या ओट्याखालच्या कपाटाला अजून दार नाही," आई जिन्यातून म्हणाली.

"तू माप नक्की करत नाहीस," बाबा म्हणाले.

ससा आला. राखाडी रंगाचा, एक कान जरा पडका, तोंडावर हिशेब तपासायला आलेल्या साहेबाचा भाव. ताईने बजावलं, गवत कायम समोर हवं, पाणी ताजं, कान धरून उचलायचं नाही. "आणि खायचा थांबला तर वाट बघू नका. तडक डॉक्टरकडे. सशाचं पोट बंद पडलं तर तो जातो."

ती गेल्यावर बाबांनी दार उघडून धरलं. "या, बसा," ते सशाला म्हणाले. गिऱ्हाईकाला म्हणतात तसंच. त्या दिवसापासून त्याचं नावच गिऱ्हाईक पडलं.

गिऱ्हाईक दोन दिवस आत बसलं आणि शिंकलं. बाबांना वाटलं, खालचा गारठा लागतोय. त्यांनी आणखी एक फळी रंधली. दुसऱ्या दिवशी सकाळी गवत जसंच्या तसं होतं आणि लेंड्या एकही नव्हत्या. बाबा पोटावर आडवे होऊन खणात हात घालून शोधत होते.

"नाहीत?" मी विचारलं.

"टोपली आण," ते म्हणाले.

जनावरांच्या डॉक्टरीणबाई तरुण होत्या. त्यांनी सशाला हातात घेतलं, पोट चाचपलं आणि मग नाक त्याच्या पाठीला लावलं.

"याला अत्तर लावलंत?"

"देवदार आहे तो," बाबा जरा ताठ होत म्हणाले. "ताजा. मी स्वतः रंधलाय."

बाईंनी सशाला टेबलावर ठेवलं. मग हळूच सांगितलं, की तो वास आपल्याला छान, पण सशाला सोसत नाही. नाक चुरचुरतं, अंगात भिनतो, खाणं सुटतं. भुसा आधी फेकायचा. दळलेल्या गवताची पेज सिरिंजने थोडी थोडी पाजायची, पोटावरून हात फिरवायचा. आज पोट सुरू झालं पाहिजे.

"फळी चांगली होती," बाबा म्हणाले.

"फळी चांगलीच असणार. ससा लहान आहे."

बाहेर आल्यावर बाबा गाडीपाशी टोपली छातीशी धरून उभे राहिले. मी म्हणालो, "ताईला बरा झाल्यावरच सांगू. आत्ता सांगितलं तर ती घेऊनच जाईल."

"जाईलच," ते म्हणाले. "फोन लाव."

फोनवर ते एवढंच बोलले, "माझा भुसा त्याला बाधलाय. खात नाहीये. डॉक्टरकडे नेलं होतं. तू ये." पलीकडून ताई म्हणाली, उद्या दुपारपर्यंत पोचते, आणि त्याला घेऊन जाते. बाबा म्हणाले, "बरं."

त्या दिवशी कारखाना बंद राहिला. पितळी बिजागऱ्यांचं घर मागे उन्हात ठेवलं आणि गिऱ्हाईक स्वयंपाकघरात खोक्यात, वर्तमानपत्रांवर आलं. खोकं पंख्याचं होतं. ते त्याला लगेच आवडलं, हे बाबांनी पाहिलं आणि गिळलं. सिरिंजमधली निम्मी पेज सशात जायची, निम्मी बाबांच्या शर्टावर. "एवढं घ्या, साहेब. हे शेवटचं. बरं, हे शेवटचं." मी पोटावरून हात फिरवायला लागलो तर म्हणाले, "उलटा फिरवू नकोस. लवेच्या दिशेनं. पॉलिशला फिरवतोस तसा."

मग आम्ही तिघं खोक्याभोवती बसून राहिलो. संध्याकाळ होत आली तेव्हा एक लेंडी पडली. वाटाण्यापेक्षा लहान. बाबांनी ती तळहातावर घेतली, खिडकीपाशी नेली, उजेडात फिरवून पाहिली.

"झालं," ते म्हणाले.

"तू झालास तेव्हासुद्धा एवढं बघितलं नव्हतं यांनी," आई मला म्हणाली.

दिवे लागले तोवर गवत कुरतडल्याचा आवाज यायला लागला होता. बाबा तो आवाज रेडिओ ऐकावा तसा ऐकत बसले.

दुसऱ्या दिवशी ताई आली, हातात प्रवासाची नवी टोपली. स्वयंपाकघराच्या दारातच थबकली. बाबा जमिनीवर भिंतीला टेकून बसले होते आणि त्यांच्या पावलाला लागून ससा कुशीवर लोळला होता, चारही पाय ताणून, डोळे अर्धे मिटून. ताईचा चेहरा उतरला.

"बाबा, हा..."

"हळू बोल. झोपलाय."

"असा?"

"मीही घाबरलो होतो. सकाळी डॉक्टरीणबाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, अगदी निर्धास्त असला तरच असा पडतो."

ताई खाली बसली. बराच वेळ त्याचं पोट वरखाली होताना बघत राहिली. "माझ्याकडे एकदाही असा झोपला नाही," ती म्हणाली.

"टोपलीत हा कागद घाल," बाबा म्हणाले. "बारीक फाडलाय. आणि त्या अंगणवाल्याला भुशाचं सांगून ठेव."

ताईने टोपली पायाने टेबलाखाली सरकवली. "राहू दे त्याला इथे."

बाबा वाकून सशाचे पंजे बघायला लागले. मग म्हणाले, "नखं वाढलीत त्याची."

"मग कापा की तुम्ही."

"मला नाही जमत ते." केसाएवढ्या रेषेत शिसवी नक्षी बसवणारे दोन्ही हात त्यांनी मांडीखाली घातले. "शनिवारी येऊन तूच काप."

"येते शनिवारी."

"आणि पुढच्या?"

"दर आठवड्याला कापायची नसतात, बाबा."

"भराभर वाढतात," बाबा म्हणाले. "आता खायला लागलाय ना."