न पटलेला प्रवेश

नाटक वाचून झालं की प्रेक्षक बोलणार, आणि लेखकानं वहीत लिहून घ्यायचं. तोंडातून चकार शब्द काढायचा नाही. तोंड दाबून बुक्क्यांचा मार, दुसरं काय! ड्युसेलडॉर्फमधल्या त्या छोट्या थिएटरचा तसा नियमच होता. कृष्णवर्णीय लेखकांची नवी नाटकं तिथे आधी लोकांपुढे वाचायचे, आणि लोकांना पटेल तेवढंच पुढे रंगमंचावर जायचं.

आडवोआ आमच्या वरच्या मजल्यावर राहायची. बाप घानाचा, आई जर्मन, जन्म ड्युसेलडॉर्फचा, तरी लोक तिला म्हणायचे, "जर्मन छान बोलता हो!" २००६ सालची गोष्ट. तिच्या पहिल्याच नाटकातला सहावा प्रवेश माझा होता. म्हणजे माझ्यावर गुदरलेला.

आदल्या दिवाळीला मराठी मंडळात मी चाळीस करंज्या करून नेल्या होत्या. माझ्या पोरीचं, क्रांतीचं जाकीट आणायला गाडीकडे गेले, तर हॉलमागे मीनल माझा डबा कचऱ्यात उपडा करत होती. आठवड्यापूर्वी ती आमच्याकडे आली होती आणि भिंतीवरचा बाबासाहेबांचा फोटो पाहून अर्धा चहा टाकून उठली होती. तेवढं पुरलं बाईला! वर डबा धुऊन परत दिला, "मस्त होत्या हं, प्रभा!" मी पाहिलं, हे तिला ठाऊक नव्हतं. मीही शेपूट घातली. तिचा नवरा चंद्रशेखर माझा टीमलीड. माझं कॉन्ट्रॅक्ट वाढवायचं की नाही ते त्याच्या हातात.

सांगितलं फक्त आडवोआला, जिन्यात बसून, रडत रडत. तिनं ते नाटकातल्या काळ्या नर्सवर घातलं. ती ऑफिसच्या पार्टीला शेंगदाण्याचा रस्सा करून नेते आणि लोक तो फेकून देतात. मला विचारूनच लिहिलं हो तिनं.

वाचनाला मी एकटीच जाणार होते. मीनल म्हणाली, "अगं, फुकट आहे ना? मग मीही येते." नाही कसं म्हणणार?

नट स्टँडवर कागद ठेवून वाचत होते. सहावा प्रवेश आला. मीनल शेजारी आरामात ऐकत होती. तिला काही आठवतही नव्हतं! मला भयंकर संताप आला.

मग चर्चा सुरू झाली. पहिल्या रांगेतले एक आजोबा उठले. "मी युद्धानंतरच्या उपासमारीत वाढलो. आपल्याकडे अन्न कुणी फेकत नाही. आणि तेही करणारीचा रंग पाहून? हा प्रवेश खोटा आहे. काढून टाका."

"गेनाऊ, अगदी बरोबर," दोन-चार जण म्हणाले. मीनल माझ्या कानाशी पुटपुटली, "खरंच गं, असं कोण करतं?"

चर्चा चालवणाऱ्या बाईंनी माझ्याकडे पाहिलं. "तुम्ही सांगा. तुम्हाला पटतं हे?"

आडवोआनं वहीतून मान वर केली. तिचा चेहरा उजळला. तिला बोलायची बंदी होती, पण मला कुठे होती?

"थोडं अति वाटतं," मी म्हणाले.

तिनं तेही लिहून घेतलं.

बाहेर आम्ही कोट घालत होतो, तेव्हा आडवोआ जवळ आली. "प्रभा, एकच सांग. तुझ्या त्या करंज्या खरंच कचऱ्यात टाकल्या होत्या ना?"

मीनलचा हात कोटाच्या बटणावरच थांबला. तिला आता सगळं कळलं. ती घाबरली होती. मला! माझ्या शब्दाला कुणी घाबरावं असं आयुष्यात पहिल्यांदा घडत होतं.

"नाही गं," मी आडवोआला म्हणाले, "मी थोडं वाढवून सांगितलं होतं."

भिंतीला कागद टेकवून आडवोआनं सहावा प्रवेश पेन्सिलीनं खोडला, एकेक पान करत, शेवटपर्यंत.

मीनलनं माझा हात हातात घेतला आणि दाबला. अगदी प्रेमानं. ट्राम येईपर्यंत तिनं तो सोडला नाही, आणि मीही सोडवून घेतला नाही.