तांब्याची साक्ष

मी तांब्याचं नाणं बोलतोय. माझ्यावरचा छाप कधीच झिजला, तेव्हा तोंडावरून मला ओळखायला जाऊ नका. मला ओतलं तेव्हा मुशीत जे जे पडलं, तेवढंच माझ्या अंगात अजून शाबूत आहे.

किती शतकं मातीत निजलो होतो, देव जाणे. एक्कावन्न साली बदलापूरच्या पलीकडे, डोंगराच्या पायथ्याच्या टेकाडावर, कंद खणताना मी तिथल्याच पाड्यावरच्या नवसीच्या हाती लागलो. त्याच पावसाळ्यात दगडाच्या खाणीत राबणारा तिचा नवरा वाळू तापानं गेला होता. गेलेल्या माणसाचा चांदीच्या पत्र्याचा टाक करून देवात बसवायची पाड्यावरची रीत. पण टाकाला चांदी आणायची कुठून? नवसीनं मलाच वाळू म्हणून देवात बसवलं.

त्या बाईनं माझं फार केलं हो. दर अवसेला चिंच आणि राख लावून लख्ख घासायची, नव्या भाताचा पहिला घास माझ्यापुढे ठेवायची, आणि मग घरातलं सगळं सांगत बसायची. मी आपला ऐकायचो. वाळूही असाच मुकाट ऐकायचा म्हणे.

चार वर्षांनी बालंट आलं. नवसी गावातल्या सधन शेतकऱ्याकडे, धर्मराजांकडे, भात कांडायला जायची. त्यांच्या देव्हाऱ्यात वाडवडिलांची नाणी होती, माझ्यासारखीच झिजलेली. त्यातलं एक नाहीसं झालं. नवसीच्या झोपडीत असंच एक नाणं कुणीतरी पाहिलेलं. झालं, ती चोर ठरली. धर्मराज वाईट नव्हते, पण गरिबावर संशय घ्यायला कष्ट कुठे पडतात? पोलीस पाटलांनी आठ दिवस दिले. हे मातीत सापडल्याचा पुरावा आण, नाहीतर चौकीवर चल. पुरावा होता तो माझ्या अंगावरचा मातीचा हिरवा थर, आणि तो तर तिनंच भक्तीनं घासून काढला होता!

तिची बहीण सरू मोरिवलीला एका कारखान्यात घमेली वाहायची. तिथल्या प्रयोगशाळेतल्या चिंतामणी साहेबांपुढे तिनं रडून सगळं सांगितलं. साहेब रविवारी आले. पाटलांदेखत त्यांनी टेकाड खणलं, तेव्हा माझ्यासारख्या नाण्यांचे दोन तुकडे निघाले. आता त्यांचा, माझा आणि धर्मराजांच्या नाण्याचा धातू ताडून पाहायचं ठरलं. धर्मराजांनी आपलं एक नाणं लगेच काढून दिलं, इतकी त्यांना खात्री.

“वरचा धातू चिंचेनं खाल्लाय, बाई,” साहेब नवसीला म्हणाले. “आतला लागेल. कोर कापावी लागेल.”

नवसीचा चेहराच उतरला. भंगलेला देव देवात ठेवत नाहीत, नदीत सोडतात. म्हणजे चोरीचा आळ पुसायचा तर नवरा दुसऱ्यांदा घालवायचा. दोन दिवस ती जेवली नाही. तिसऱ्या दिवशी तिनं मोरिवलीला जाऊन मला साहेबांच्या हातावर ठेवलं.

“कापा. माझी पोरा चोराची पोरा नको व्हायला.”

छिन्नीनं माझी कोर उडवली. दुखलं, खोटं कशाला बोलू? तो कपचा उकळत्या तेजाबात विरघळला आणि तेजाब निळंहिरवं झालं. धर्मराजांच्या नाण्याचा कपचा विरघळला तेव्हा मात्र पांढरा गाळ तळाशी बसला. त्यात कथील होतं. माझ्यात कथलाचा कण नाही. उलट शिसं निघालं, आणि टेकाडावरच्या तुकड्यांतही जवळपास तेवढंच. साहेबांनी पाटलांना तसं लिहून दिलं. हे नाणं धर्मराजांच्या नाण्यांतलं नव्हे, टेकाडावरच्या तुकड्यांचं भावंड.

धर्मराज स्वतः झोपडीशी आले, हात जोडले. मग जाता जाता चांगल्या मनानंच म्हणाले, “मी माझं कापलेलं नाणं उल्हास नदीत सोडलं, तूही सोड. भंगलेलं घरात बरं नव्हे.”

नवसीनं मला पदरानं पुसलं.

“खाणीत त्याची दोन बोटा तुटली व्हती, बापू. तवा मी त्याला नदीत सोडला व्हता काय?”

तिनं मला पुन्हा देवात बसवलं.

अजून तिथंच आहे मी. उद्या कुणी शहाणा मला तपासायला, जपायला न्यायला आला, तर एवढंच करा: आधी नवसीला विचारा. मी तिच्या घरचा माणूस आहे.