बुधाजींना दिसलेला तलाव

मार्गशीर्षातली सकाळ. धान कापून झालेलं, शेतं मोकळी, आणि त्या मोकळ्या शेतांपलीकडे भिवतलाव: धुक्यातून एकेक काठ सोडवून घेणारा, शुभ्र, शीतल, संथ.

तलावाच्या पाळीवर मासेमारी करणाऱ्या ढिवरांची दहा-बारा घरं. शेवटचं घर बुधाजी मारबत्यांचं. पन्नास वर्षं त्यांनी या पाण्यात जाळं टाकलं. मग काचबिंदू आला. तलाव आधी कडांनी मिटला, मग मधोमध मिटला.

त्यांची लेक वनमाला गावातल्या शाळेत शिकवायची आणि कथा लिहायची. तिची तलावावरची कथा एका मासिकाकडून तीनदा परत आली होती. तिसऱ्या वेळी संपादकांनी एकच ओळ लिहिली होती : भाषा सुंदर आहे, पण तलाव दिसत नाही.

ती ओळ मासळीच्या काट्यासारखी तिच्या घशात अडकून बसली.

त्या सकाळी ओट्यावर उन्हाला बसलेल्या वडिलांना तिने ती कथा वाचून दाखवली. नीलमण्यांची रास, रजतरेखांचं जाळं, गगनाचा आरसा... बुधाजी शेवटपर्यंत ऐकत राहिले.

"पोरी, हा कोनता तलाव?"

"आपलाच, बाबा."

"मंग मले काहून नाही दिसला?" त्यांनी तोंड तलावाकडे वळवलं. "तुह्याकडे डोये आहेत. जा, पाहून ये. जे दिसन तेच सांग."

ती गेली. परत येऊन म्हणाली, "पाणी निळं आहे."

"सकायी सातले निळं रायते काय?"

ती पुन्हा गेली. या खेपेला काठावर उकिडवी बसली, हात गुडघ्यांभोवती बांधून, मनातले सारे शब्द बाजूला सारून. आणि पाणी निळं नव्हतंच! पाणी तांदळाच्या धुवणासारखं होतं, धूसर, दुधट, आणि वाऱ्याची झुळूक आली की त्यावर क्षणभर काटा उभा राहत होता.

तिथून पुढे रोज सकाळ. रोज तोच काठ, आणि रोज वेगळाच तलाव. शाळेची घंटा होण्याआधी ती पाहून यायची, वडिलांना सांगायची. ते कधी मान हलवायचे, कधी हात झटकून म्हणायचे, "हे तू पाह्यलं नाही, हे तुले आठोलं." ती खट्टू व्हायची. रडायचीही. आणि दुसऱ्या दिवशी धुकं पायांखाली तुडवत पुन्हा निघायची.

पौष सरला. माघातल्या एका केशरी सकाळी ती ओट्याशी आली, आणि धाप लागलेली असतानाच सांगू लागली.

"बाबा, कमळाच्या पानावरून एक पक्षी चालत गेला. पान बुडालं नाही, नुसतं लवलं. आणि पानावरचा दवाचा थेंब या कडेवरून त्या कडेला पळाला."

बुधाजी ताठ झाले. मिटलेल्या पापण्यांमागे काहीतरी हललं.

"लांब बोटं त्याची," ते पुटपुटले, "बोटं पसरून चालते... मंग थेंब पान्यात पडला. पडला ना?"

"पडला, बाबा."

"दिसलं!" ते उठून उभे राहिले, दोन्ही हात पुढे पसरून, जणू सारा जलविस्तार कवेत घेत. "मले दिसलं वं माय! आख्खा तलाव दिसला!"

जुनी कथा वनमालाने चुलीत घातली. नवी लिहिली. प्रत्येक वाक्य आधी काठावर पाहिलं, मग ओट्यावर ऐकवलं, मगच कागदावर उतरवलं. नीलमणी गेले, रजतरेखा गेल्या. पाणी आलं, चिखल आला, पाण्यात आपोआप उगवणाऱ्या देवधानाची लोंबी आली, ओल्या जाळ्याचा वास आला. मासिकाने ती कथा पहिल्या पानावर छापली आणि वाचनासाठी तिला नागपूरला बोलावलं.

भर दुपारचं ऊन बाहेर ठेवून सभागृह भरलं होतं. व्यासपीठावर वनमाला, शेजारच्या खुर्चीत धुतलेल्या धोतरातले बुधाजी. ती वाचू लागली. पहिली ओळ, दुसरी ओळ, आणि कुजबुज थांबली. हातपंखे थांबले. कथेतला ढीवर डोंगा काठाशी बांधून पाण्यात उतरला. पाणी घोट्यापर्यंत आलं, पोटरीपर्यंत आलं, गुडघ्यापर्यंत आलं.

आणि पहिल्या रांगेतल्या एका अनोळखी बाईने, नजर वनमालावरच खिळलेली असताना, नकळत, अलगद, आपल्या निऱ्या भिजू नयेत म्हणून वर उचलल्या.