बदकाचा नळ

इंग्रजीच्या बाईंचे वडील जाऊन फार दिवस झाले नव्हते, तोच बाईंकडे वडिलांच्या अभ्यासाबद्दल तक्रार आली.

तक्रार आत्याबाईंची होती. आत्याबाई म्हणजे वाचन शिकवण्यासाठी शाळेने घेतलेला ऑनलाइन कार्यक्रम. पडद्यावर इंग्रजी धडा यायचा, मुलांनी तो माइकसमोर मोठ्याने वाचायचा आणि आतून एक बाईचा आवाज चुका काढायचा. कितीही नीट वाचा, 'छान, पण अजून सुधारता येईल' हे ठरलेलं. आत्याबाई हे नाव मुलांनीच दिलं आणि ते असं चिकटलं की मोठ्या बाईसुद्धा, म्हणजे शाळेच्या मुख्याध्यापिका, सभेत तेच बोलून जायच्या.

सुरुवातीला वर्गात ठरलेल्या संख्येला एक नाव कमी पडत होतं आणि तेवढ्यासाठी आत्याबाई सुरूच होत नव्हत्या. "घरातलं कुणीतरी घाला," मोठ्या बाई म्हणाल्या होत्या, "यंत्राला काय कळतंय." वडील तेव्हा गुडघा धरून घरी बसले होते. जन्मभर लोकांचे नळ आणि मोऱ्या दुरुस्त केलेला माणूस. इंग्रजी अक्षरांशी ओळख होती ती पाइपांवर छापलेल्या.

"घाल माझं नाव," ते म्हणाले. "लहानपणी शाळेने काढून टाकलं होतं. चूक कळायला वेळ लागला त्यांना."

पहिला धडा बदकाचा होता. बदकबाई नळ चालू ठेवून बाजारात जाते, घरभर पाणी होतं, आणि परत आल्यावर ती त्यात मजेत पोहते. वडील बोट टेकवून वाचायचे. बोट टेकलं की पान सरकायचं, मग ते पडद्याला दटावायचे. एकेक अक्षर लावत त्यांनी पहिलं वाक्य पुरं केलं आणि थांबले. "नळ चालू ठेवून गेली?" ते म्हणाले, आणि तिथून जे धड्याबाहेर पडले ते परत आत आलेच नाहीत. आत्याबाईंनी शेरा दिला: मजकूर सोडून बोलणे. गुण शून्य.

"बाबा, नुसतं वाचा ना."

"वाचतोय की. आधी तिचा नळ तर बंद करू दे."

दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशीही तेच. मग एका सकाळी ते उठलेच नाहीत.

आता तक्रारीत म्हटलं होतं: विद्यार्थी मागे पडत आहे. सत्र संपेपर्यंत पहिल्या धड्यात उत्तीर्ण न झाल्यास खातं रेकॉर्डिंगसकट पुसलं जाईल.

बाईंनी ते पुन्हा वाचलं. घरी वडिलांचे फोटो होते, पाने-पक्कड होती, दाराशी चपला होत्या. आवाज तेवढा आत्याबाईंकडे होता. रेकॉर्डिंग उतरवून घेता येत नव्हतं. बाईंनी फोन शेजारी धरून पाहिला; त्यात वडील टाकीत डोकं घालून बोलत असल्यासारखे आले.

त्या मोठ्या बाईंकडे गेल्या. "हे एक खातं राहू देता येईल का?"

"आधी पालकसभा घ्यावी लागेल," मोठ्या बाई म्हणाल्या. "मागे पडलेल्या विद्यार्थ्याच्या पालकांना भेटल्याशिवाय आत्याबाई पुढचं काही उघडतच नाहीत."

"पण पालक म्हणून मीच आहे."

"मग बरंच की. वेळ जुळवायला नको."

"मोठ्या बाई, ते वारले. तुम्ही घरी भेटून गेलात."

"अहो, मला माहीत आहे. आत्याबाईंना कुठे माहीत आहे?"

सभा रिकाम्या वर्गात झाली. टेबलाच्या दोन बाजूंना दोन खुर्च्या, मध्ये लॅपटॉप, आणि साक्षीला मोठ्या बाई. बाईंनी शिक्षकाच्या खुर्चीतून पहिला प्रश्न वाचला: विद्यार्थी घरी सराव करतो का?

"नाही," त्यांनीच सांगितलं.

"तसं नाही," मोठ्या बाई म्हणाल्या. "तिकडच्या खुर्चीत बसून सांगा. नाहीतर खोटं वाटतं."

बाई उठल्या, वळसा घालून पालकांच्या खुर्चीत बसल्या. "नाही."

"कारण?"

पडद्यावर पर्याय होते: आजारी, परगावी, इंटरनेट नाही, कंटाळा.

"यात 'वारले' नाही."

"मुलांसाठीचा कार्यक्रम आहे हो. असलं अभद्र कशाला ठेवतील? परगावी टाका."

बाईंनी परगावी टाकलं. आत्याबाईंनी विचारलं: परत कधी येणार?

मग मोठ्या बाईंनीच हात पुढे करून ते खोडलं. "कंटाळा टाकते," त्या हलक्या आवाजात म्हणाल्या.

"आमच्या बाबांना कंटाळा माहीत नव्हता."

"सगळे पालक असंच म्हणतात," मोठ्या बाई म्हणाल्या आणि बटण दाबलं.

शेवटचा प्रश्न शिक्षकांसाठी होता, म्हणून बाई परत इकडे येऊन बसल्या. उपाय काय करणार? जादा तास. घरी फोन. विद्यार्थ्याला झेपेल असा धडा देणे.

"धडा बदलता येतो?"

मोठ्या बाईंनी चष्मा लावून खालची बारीक अक्षरं वाचली. "येतो. आपण लिहिलेलाही चालतो. जुनी रेकॉर्डिंगं नव्या धड्यावर परत तपासली जातात म्हणे, आपोआप. फक्त सगळ्या वर्गाला तोच धडा लागू होईल."

"होऊ दे," बाई म्हणाल्या.

मोठ्या बाई गेल्यावर त्यांनी बदकाचा धडा उघडला. पहिलं वाक्य तसंच ठेवलं आणि पुढचं सगळं पुसलं. मग वडिलांचं रेकॉर्डिंग लावलं. थोडं ऐकायचं, थांबवायचं, टाइप करायचं. वडिलांची भाषा, अक्षरं इंग्रजी. आत्याबाईंना अर्थाशी देणंघेणं नव्हतं. अक्षर आणि आवाज जुळला की झालं. खोकला कसा लिहायचा हे बाईंना समजेना. तो त्यांनी सोडला, आणि त्याचा एक गुण गेला.

निकाल लगेच आला. उत्तीर्ण. विद्यार्थी मजकुराला धरून वाचतो. छान, पण अजून सुधारता येईल.

दुसऱ्या दिवशी वर्गाच्या मोठ्या पडद्यावर नवा धडा उघडला. एकत्र वाचनाचा तास होता. मुलांनी बदकबाईला बाजारात पाठवलं आणि पुढच्या ओळीवर चाचपडली. अक्षरं परकी, शब्द घरातले. मग कुणाच्या तरी जिभेला ते सापडलं आणि सगळा वर्ग एका सुरात सुरू झाला.

"नळ चालू ठेवून गेली? घरात दुसरं कुणी नाही? आता आल्यावर पिळत बसेल जोर लावून. नळाशी भांडायचं नसतं. आतला वायसर झिजलेला असतो, आणि माणूस नळाला शिव्या घालतो. आधी मागून पाणी बंद करायचं. मग सावकाश उघडायचं. घाई केली की आटे जातात. मी काही दर वेळी येणार नाही. अगं, ऐकतेस ना?"

टाइप करताना बाईंनी ही शेवटची ओळसुद्धा इतर ओळींसारखीच तोडून तोडून लिहिली होती. आता ती बाकांच्या सगळ्या रांगांतून एकदम आली.

"हो बाबा," बाई म्हणाल्या.

पडदा लाल झाला. मजकूर सोडून बोलणे, आत्याबाईंनी सगळ्या वर्गाला ऐकवलं.

मागच्या बाकावरची चष्मेवाली उभी राहिली. "बाई, तुम्ही मध्ये बोललात. आता आम्हाला सगळं पहिल्यापासून वाचावं लागणार."

"हो गं, चुकलं माझं," बाई म्हणाल्या. त्यांनी खुर्ची ओढली आणि मुलांमध्ये बसल्या. "घ्या. पहिल्यापासून."