कौतुक सगळं इंजिनाचं

मित्रांनो, आधीच सांगून ठेवतो, त्या पत्र्याच्या इंजिनाचं कौतुक माझ्यासमोर करायचं नाही. मी एक जुना, किल्ली द्यायचा सिने कॅमेरा आहे. पुणतांब्याच्या एका घरात, ट्रंकेत, गोधडीखाली पडून आहे. पण मी काही अडगळ म्हणून जन्मलो नाही. परदेशात माझी काच घासून झाली, तेव्हा कारागिराने मला उजेडाकडे धरून मान डोलावली होती. पुढे साखर कारखान्यातल्या एका साहेबांबरोबर मी इकडे आलो. बदली होऊन जाताना त्यांनी मला आपल्या लाडक्या फिटरच्या, गोरक्षनाथच्या हाती दिलं.

मला वाटलं, आता आपले लाड होणार. कसले लाड! गोरक्षनाथने खोलीत दोन फळ्यांवर अख्खं पुणतांबा स्टेशन उभं केलं होतं. रूळ, सिग्नल, पाण्याची टाकी, सगळं हातानं केलेलं. त्यावर ते हिरवं इंजिन मिरवायचं. किल्ली त्यालाही होती आणि मलाही. पण त्याला किल्ली देताना गोरक्षनाथ गुणगुणायचा, आणि मला देताना म्हणायचा, "आता तरी नीट काढ रं बाबा!"

पहिली फिल्म त्याने अंधाऱ्या खोलीत, उभ्याने, हातात धरून काढली. इंजिन दिसलं मुंगळ्याएवढं, तेही थरथरत. त्याची बायको रतनबाई हसून म्हणाली, "कॅमेऱ्यात काय दम न्हाई." माझ्या अंगाचा तिळपापड झाला. अहो, अंधारात वरून दाखवलं तर मी काय दिवा आहे?

गोरक्षनाथला मात्र चूक उमगली. त्याने फळ्या अंगणात उन्हात आणल्या आणि मला विटेवर, रुळांच्या उंचीला बसवलं. एकदा सुरू केलं की मला हात लावायचा नाही, इंजिन सावकाश सोडायचं. धुरासाठी टाकीमागे रतनबाईने उदबत्ती धरायची. रीळ एकच उरलं होतं, म्हणून मला रिकामाच फिरवून तो सराव करायचा. तेवढ्या खालून ते इंजिन खऱ्या गाडीसारखं अंगावर यायचं. ते देखणं दिसायचं ते माझ्यामुळे, आणि शेजारीपाजारी म्हणायचे, "काय इंजिन हाय!" मी आतल्या आत जळत असे.

त्या साली पाऊस पडलाच नाही. पाथर्डीकडे दिलेली त्याची बहीण, लंकाबाई, हिच्याकडच्या विहिरी आटल्या. दसऱ्याला ती लेकरं घेऊन राहायला येणार होती. खोली रिकामी करायची, म्हणजे स्टेशन मोडायचं.

"मोडतो," गोरक्षनाथ म्हणाला. "पन आधी एक फिल्म झ्याक निघू दे. मंग माझं काय म्हननं न्हाई."

खरं सांगू? मला आनंद झाला. स्टेशन जाईल, इंजिन डब्यात पडेल, आणि उरेल ती माझी फिल्म!

खंडेनवमीला घरातली अवजारं पाटावर मांडली. पाने, हातोडी, विळे, आणि मधोमध ते इंजिन, झेंडूची माळ घालून! मी फळीवर तसाच. तेवढ्यात गोरक्षनाथची आई, भागूबाई, म्हणाली, "आन् ह्येनं काय पाप केलंय? राबतंय बिचारं, त्याला कुनी इचारंना." तिला डोळ्यांनी कमी दिसायचं. तिने मला दोन्ही हातांनी पाटावर ठेवलं, माझं कपाळ चाचपलं, आणि कुंकवाचं बोट काचेवर, बरोबर मधोमध टेकवलं. मला केवढं बरं वाटलं म्हणून सांगू! इंजिनाकडे मी मुद्दाम बघितलं.

पूजेचं कुंकू आमच्याकडे पुसत नाहीत. शिवाय गोरक्षनाथ चित्र बघायचा ते काचेतून नव्हे, माझ्या अंगाला बाजूला असलेल्या छोट्या खिडकीतून, त्यामुळे काचेवरचा डाग त्याला कळलाच नाही. दसऱ्याच्या सकाळी फिल्म निघाली. ऊन, धूर, गाडीची चाल, सगळं मनासारखं झालं. दुपारी लंकाबाई आली आणि संध्याकाळी फळ्या सुट्या झाल्या.

दिवाळीनंतर रीळ मुंबईहून धुऊन आलं. गोरक्षनाथने प्रोजेक्टर मागून आणला आणि सगळे भिंतीसमोर बसले. सिग्नल दिसला, टाकी दिसली, रतनबाईचा चुडा दिसला. मधोमध मात्र नुसता लाल धुरळा, आणि इंजिन त्यातच गडप.

"गाडी कुठं हाय रं?" भागूबाईने विचारलं.

गोरक्षनाथ उठून माझ्याकडे आला. काचेवर त्याचा अंगठा थांबला. वाटलं, आता सांगेल. त्याने आईकडे पाहिलं आणि सदऱ्याच्या टोकाने काच हळूच पुसली.

"कॅमेराच बिघडलाय, आई. जुना झाला."

"आरारा," ती म्हणाली. "मी पुजला हुता की."

मला पुन्हा चालवलं असतं तर चित्रं लख्ख आली असती, आणि म्हातारीला आपलं बोट आठवलं असतं. म्हणून त्याने मला ट्रंकेत ठेवलं. इंजिन लंकाबाईच्या लेकरांनी खेळून खेळून झिजवलं. नशीबवानच ते. पण आता मी त्याच्यावर जळत नाही. मला हेवा वाटतो भागूबाईचा. तिच्यासाठी जेवढं राखलं गेलं, तेवढं माझ्यासाठी कधी कुणी राखलं नाही.

भागूबाईला जाऊन आता पुष्कळ दिवस झाले. मित्रांनो, कधी पुणतांब्याला आलात तर गोरक्षनाथला एवढंच सांगा, आता ट्रंक उघडली तरी कुणाला वाईट वाटणार नाही.