समोरची गल्ली

महानंदा लग्न होऊन सेलूला आली त्याला नऊ वर्षं झाली होती. गल्लीतलं घर न् घर तिला ठाऊक होतं, पण मागून. पाण्याला जायचं असो की घटकाभर बोलायला, सुनांनी मागच्या बोळातूनच जायचं-यायचं, ही तिथली रीत. समोरच्या बाजूला तिचं काम एकच. उजाडायच्या आत खाली मान घालून सडा घालायचा, रांगोळीचं बेलाचं पान काढायचं आणि आत यायचं. त्या पानाचं तिसरं दल तिच्या हातून आखूडच उतरे, आणि सासू चन्नबसम्मा रोज नावं ठेवी.

त्या दिवशी तिच्या जावेला, शांतम्माला, कळा सुरू झाल्या आणि लेकरू आडवं निघालं. पुरुषमंडळी कापूस घेऊन मोंढ्यात गेलेली. बोळात कालच भिंत पडून वाट बंद झालेली. जावेला धरून बसलेल्या सासूने सांगितलं, "समोरनं जा. धुरपताबाईला घिऊन ये, बिगीनं."

सुईण धुरपताबाईचं घर उजव्या हाताला सहावं. त्यात काय विचारायचं? महानंदा समोरच्या दारातून निघाली, नेहमीसारखी उजवीकडे वळली, सहा दारं मोजली आणि आत शिरली.

ओसरीवर चार परके पुरुष. बलदियाचा, म्हणजे नगरपालिकेचा, कारकून घरपट्टीसाठी गल्लीचा नकाशा काढायला आला होता आणि तो भलामोठा कागद मधोमध पसरलेला होता. घर चुकलं की काय? त्या कागदात धुरपताबाईचंही घर असणारच, पण विचारणार कोणाला? तिने पदर ओढला, कागदाला वळसा घातला आणि सरळ माजघरातून परसात गेली. वर पाहते तर चिंच. ही चिंच रोज डाव्या अंगाला दिसायची, ती इथे कशी आली? खाली त्या घरची कस्तुराबाई भांडी घासत होती; तिला महानंदाने धुरपताबाईचं घर विचारलं.

"तू उलटी आलीस की गं," कस्तुराबाई म्हणाली. "समोरनं निघालं की तिचं घर डाव्या हाताला पडतंय."

महानंदाला काही उमजेना. गल्लीच फिरली की आपलं डोकं? ती उलट पावली पळत सुटली. मागून एकच दार असलेल्या घरांना समोरून दोन दोन दारं निघाली, कारण भाऊ वेगळे झालेले. मोजणी चुकली. तिकडे शांतम्माचं काय होत असेल, या भीतीने तिला रडू फुटलं. शेवटी ती भर गल्लीत उभी राहिली आणि मोठ्याने धुरपताबाईच्या नावाने हाका मारू लागली. पुरुष दारांत आले. त्यांच्यामागून गाठोडं घेऊन धुरपताबाईही आली.

"चल. घर कोन्तं तुमचं? मी बी कायम म्हागनंच येते, समोरनं वळखत न्हाई," ती म्हणाली.

महानंदाने दारांवरून नजर फिरवली. एकही ओळखीचं नव्हतं. लाजेने तिची मान खाली गेली आणि ती तशीच, जमिनीकडे बघत चालू लागली. एक रांगोळी गेली, दुसरी गेली, पाचवी गेली. मग एका उंबऱ्यापुढे अर्धवट तुडवलेलं बेलाचं पान दिसलं, तिसरं दल आखूड.

"हेच," ती म्हणाली.

दिवस मावळायच्या आत शांतम्मा मोकळी झाली, लेकरूही रडलं. दुसऱ्या दिवशी सडा झाल्यावर महानंदाने तेच पान काढलं, तसंच. चन्नबसम्माने ते पाहिलं आणि पान तुडवू नये म्हणून वळसा घालून ती आत गेली. मग महानंदाने मान वर करून आपलं दार पाहिलं. ते हिरवं होतं.